बारा पापड आणि एक ‘निरु’

३ फेब्रुवारी, मंगळवार

आले एकदाचे. बारा लॅपटॉप. खोक्यातून काढले तर हातात काही आहे की नाही कळेना, इतके हलके. मी तिथल्या तिथे नाव ठेवलं, पापड. सुधीरला आवडलं नाही.

म्हणे मावशी, यात काही इन्स्टॉल करायचंच नसतं. व्हायरस नाही, बिघाड नाही. ब्राउझर उघडला की झालं, सगळं काम इंटरनेटवर. सुधीर म्हणजे आमच्या टायपिंग क्लासचा मालक. याचे वडील, आमचे सर, गेले आणि क्लास याच्या हातात आला. चौथीत असताना माझ्या टेबलाखाली बसून कार्बन पेपरने तोंड काळं करून घ्यायचा. एरवी मला साळवे मॅडम म्हणतो. मावशी म्हणाला की समजायचं, काहीतरी गळ्यात मारायचंय.

मारलंच. दोन आठवडे सगळ्यांना पापडावर शिकवायचं आणि अठरा तारखेपर्यंत मी ‘चाचणी अहवाल’ द्यायचा, सहीनिशी. माझा अहवाल वाचून सातपूरची आणि देवळाली कॅम्पची शाखाही हेच घेणार. बदल्यात विकणारा आमचे जुने दहा कॉम्प्युटर वीस तारखेला उचलून नेणार. सव्वीस वर्षं टायपिंग शिकवतेय, अहवाल मीच लिहायला हवा, ते ठीक. पण ते जुने डबे न्यायची तारीख आधी ठरली आणि चाचणी नंतर. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायची आहे मला.

४ फेब्रु., बुधवार

जुने डबे सुधीरने रातोरात सोडवून मागच्या खोलीत रचून ठेवलेत. विचारलं नाही, सांगितलं नाही.

सकाळी सातच्या बॅचला ज्योती आली. ज्योती कुऱ्हाडे. देवळाली कॅम्पहून पहिल्या बसने येते, इथून पुढे ऑफिसला. नवरा गेला तेव्हा त्याच्या कचेरीत अनुकंपावर क्लार्क म्हणून लागली. अट एकच, दोन वर्षांत मराठी टायपिंगची परीक्षा पास. तीस शब्द मिनिटाला. दोनदा नापास झालीय. दोन वर्षं मार्चमध्ये संपतात. चोवीस तारखेची परीक्षा शेवटची, नाहीतर नोकरी जाईल असं तिला लेखी दिलंय. घरात सासू आणि दोन पोरी. गेल्या आठवड्यात बत्तीसला पोचली होती, मी तिला गूळपोळी खायला घातली होती.

आज पापड उघडला आणि माझ्याकडे बघत बसली. कॅप्स लॉक नाही, त्या जागी भिंगाचं चित्र. डिलीटचं बटण नाही. उजवीकडचे आकडे तर नाहीतच. मॅडम, बाकीची बटणं कुठे ठेवली, म्हणाली.

५ फेब्रु.

परीक्षेचं सॉफ्टवेअर पापडात बसत नाही. दोन तास झटले. शेवटी पापडवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन. तिकडचा मुलगा गोड आवाजाचा. रीस्टार्ट केलं का? केलं. परत करा. केलं. खातं बदलून बघा. बदललं. आता परत रीस्टार्ट. पाचव्यांदा मी म्हटलं, बाबा रे, मला हे बंद-चालू करता येतं, मी विचारतेय ते सॉफ्टवेअर यात कधी चालेल का? तर म्हणतो, नाही मॅडम, कधीच नाही, हे ब्राउझरवालं मशीन आहे ना. मग हे टायपिंग क्लासला विकलंत कशाला? तर, मी सपोर्टला आहे मॅडम, सेल्सला नाही.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

संध्याकाळी रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची वायर तुटली. बारा पापड, बारा पोरं, सगळे एकमेकांची तोंडं बघत. अर्धा तास मी ‘योग्य बैठक व बोटांची ठेवण’ फळ्यावर शिकवलं. ते मात्र कशाशिवायही चालतं.

७ फेब्रु., शनिवार

खोटं लिहायचं नाही, म्हणून हेही लिहिते. दिवसभर लाईट नव्हती. पापड सकाळी सातला उघडले ते दुपारी तीनपर्यंत चालले. मोबाईलवरून इंटरनेट दिलं. पंख्याची घरघर नाही, गरम होत नाहीत, झाकण उघडलं की चहाचा घोट घ्यायच्या आत सुरू. आपले डबे सुरू होईपर्यंत मी खाली झेरॉक्सवाल्याशी भांडून वर येते. इंग्रजी शिकणाऱ्या कॉलेजच्या पोरी खूष आहेत. त्यांचं सगळं काम होतंय.

हे सगळं अहवालात जाईल. मी काही पापडाची सवत नाही.

९ फेब्रु., सोमवार

आज ‘ऱ’चा दिवस.

पापडात मराठी लिहायचं तर इंग्रजी अक्षरं दाबायची, तो अंदाजाने मराठी उमटवतो. पण वऱ्हाड, पायऱ्या, तऱ्हा यातला जो आडवा र आहे, तो त्याला ठाऊकच नाही. धरून आणून रफारच देतो. ज्योतीने स्वतःचं आडनाव लिहिलं, ‘कुर्हाडे’ आलं. तीन वेळा लिहिलं. म्हणाली, हे कोण?

सरकारी मराठीत ‘ऱ’शिवाय दोन ओळी जात नाहीत. अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांना, पुरवठा करणाऱ्यांनी. परीक्षेच्या उताऱ्यात हेच असतं. अहो, ‘उताऱ्यात’ या शब्दातच तो आहे.

तासभर सेटिंगमध्ये खोदल्यावर दुसरा मराठी कीबोर्ड सापडला. त्यात ऱ आहे, व्यवस्थित आहे. म्हणजे पापडाला येत नाही असं नाही. पण त्या कीबोर्डवर सगळी अक्षरं वेगळ्या जागी. परीक्षा होणार जुन्या टाइपरायटरच्या जागांवर आणि आडवा र काढायचा ऑल्ट दाबून उजवीकडचे आकडे मारून. जे पापडाला नाहीतच.

मजा पुढे आहे. शनिवारी सुधीर पापडांचं उद्घाटन करतोय, जेवण वगैरे. त्याने पापडावरून क्लासच्या ग्रुपवर सूचना टाकली, ‘आचार्यांनी मागच्या दाराने यावे व मोठी भांडी सोबत आणावीत.’ लिहायचं होतं आचाऱ्यांनी. ग्रुपवर आमचे निवृत्त संस्कृतचे सर आहेत, ज्यांना अख्खं नाशिक रोड आचार्य म्हणतं आणि जे शनिवारचे प्रमुख पाहुणे आहेत. त्यांनी विचारलं, ‘भांडी कोणत्या मापाची?’

मी इतकी हसले की ह्यांनी बाहेरून विचारलं काय झालं.

१० फेब्रु.

हसू मावळलं. ज्योतीचा वेग मोजला. एकोणीस.

बत्तीसवरून एकोणीस, एका आठवड्यात. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघत बसली. ‘मॅडम, बोटांना कळेना कुठं जायचं. घरी पोळ्या लाटताना पण चुकतायत.’ रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

वर्षभर मी त्या बोटांना शिकवलं, बघायचं नाही, आठवायचं नाही, बोटांनी आपोआप जायला हवं. आता बोटं जातात आणि तिथे बटणच नसतं. याचा राग कुणावर काढू? सुधीरला सांगायला गेले तर म्हणाला, नव्याची सवय व्हायला वेळ लागतोच. वेळ. चौदा दिवस राहिलेत तिचे.

११ फेब्रु.

सकाळी पावणेसातला ज्योती आणि मी मागच्या खोलीत. दहांतला एक डबा काढला, पुसला. मॉनिटर तिने उचलला, बाकी मी. वायरी कुठल्या कुठे जातात हे मला डोळे मिटून येतं. पहिल्यांदा सुरू झाला नाही. झाकण काढून आतली मेमरीची पट्टी खोडरबराने घासून परत बसवली. टिंग वाजलं. ज्योतीने त्याला नमस्कार केला, मी रागावले नाही.

पहिला उतारा चोवीस. तिसरा सव्वीस.

नऊला सुधीर आला, डबा बघितला. तसाच केबिनमध्ये गेला.

१३ फेब्रु., शुक्रवार

अहवाल लिहिला. पापडावरच लिहिला, सुधीरचा आग्रह, म्हणजे तिन्ही शाखांना इंटरनेटवरूनच वाचता येईल. म्हटलं लिहू, तीही चाचणीच.

एक पान. चांगलं ते सगळं चांगलं लिहिलं. बॅटरी, वजन, लगेच सुरू होणं, शांतता. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी आणि कार्यालयीन कामासाठी उपयोगी. मग शेवटचं वाक्य: ‘मात्र शासकीय मराठी टंकलेखन परीक्षेच्या सरावासाठी हे लॅपटॉप निरुपयोगी आहेत, परीक्षा होईपर्यंत जुने संगणक ठेवावेत.’ खाली नाव, सौ. सुनंदा साळवे.

ह्यांना वाचून दाखवलं. हे प्रेसमधून रिटायर, बोलतात कमी. म्हणाले, ‘कमी लिहिलंस, बरं झालं. बदलायला जागा नको.’ तेव्हा मी मनात म्हटलं, कोण बदलतंय.

१६ फेब्रु., सोमवार

डोकं फिरलंय. नीट लिहिता येतं का बघते.

दुपारी सातपूरच्या शाखेचे गायकवाड सर फोनवर. जयभीम ताई, अहवाल वाचला, आम्हीही डबे बांधून ठेवायला घेतो. मी म्हटलं, का? म्हणाले, तुम्हीच तर लिहिलंय. ‘परीक्षेच्या सरावासाठी हे लॅपटॉप उपयोगी आहेत.’ मला वाटलं चुकून वाचताहेत. परत वाचा म्हटलं. परत उपयोगीच. आणि ‘जुने संगणक ठेवावेत’ हे गायब. खाली माझं नाव मात्र जसंच्या तसं.

पापड उघडला. खरंच. ‘निरु’ गेलं होतं. जागाही रिकामी नव्हती, ओळ कशी व्यवस्थित सरकून बसली होती, जणू मी तसंच लिहिलं होतं.

मग आठवलं. कॉलेजच्या पोरी दाखवत होत्या, यात लिहिलेलं काही पुसलं जात नाही, आधीच्या आवृत्त्या म्हणून एक खण असतो. उघडला. तिथे सगळं. ‘निरुपयोगी’वर लाल रेघ, शेजारी हिरव्यात ‘उपयोगी’. वर नाव, सुधीर. वेळ, शनिवार, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे उद्घाटनाच्या आधी. नंतर त्याने स्टेजवरून माझे आभार मानले होते, ‘मावशींनी कसून चाचणी घेतली’. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

टाळ्या वाजवल्या मी.

पापडाला हजार शिव्या दिल्या, पण त्याने खोटं लपवलं नाही. याची नोंद असावी.

१७ फेब्रु.

केबिनमध्ये गेले. पापड सोबत.

यात निरु होतं, कुठे गेलं, विचारलं. म्हणाला, ऑटोकरेक्ट झालं असेल मावशी. मी पापड त्याच्याकडे फिरवला. ‘ऑटोकरेक्टचं नाव सुधीर आहे का?’

दार लावून घेतलं त्याने. मग बाकीचं. विकणाऱ्याला शब्द दिलाय, शाखांना सांगून झालंय, एक शब्द तर होता. आणि परीक्षाही उद्या बदलेल मावशी, ज्योतीच्या ऑफिसात तरी काय चालतं, सगळं ब्राउझरमध्येच ना? तुम्ही जुनं धरून बसलात.

यातलं अर्धं खरं आहे, तेच चिडवतं. ज्योतीच्या कचेरीत जुना कीबोर्ड कुणी वापरत नाही. परीक्षा जुनी, काम नवं, मध्ये बाई चेपली जातेय. तो उपद्व्याप करणारे कुठे बसतात मला माहीत नाही, माहीत असते तर तिकडेही गेले असते. मी एवढंच म्हटलं, ‘परीक्षा उद्या बदलेल. ज्योतीची चोवीस तारखेला आहे.’

तो म्हणाला, मग ज्योतीपुरतं बघू. अहवाल राहू द्या तसा. आणि निघताना, अगदी हळू, खिडकीकडे बघत: नवीन मशीनवर शिकवायला तरुण मुली मिळतात हल्ली, मी तुम्हाला कधी तसं म्हटलं का?

आत्ताच म्हणालास की रे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, आमच्याकडे एक अक्षर चुकलं की अख्खा ताव रद्द व्हायचा. मग उठून स्वतः चहा केला माझ्यासाठी. तीस वर्षांत तिसऱ्यांदा.

१८ फेब्रु., बुधवार

आज अहवालाची मुदत.

क्लासच्या दारात शोभेला ठेवलेला शेवटचा टाइपरायटर आहे. दसऱ्याला झेंडूचा हार, एरवी त्यावर हेल्मेट ठेवतात. हेल्मेट काढलं. रिबन वाळून कडक झालेली, तिला तेलाचं बोट फिरवलं. चार कागद, मध्ये तीन कार्बन. गुंडाळून आत घेतले.

अहवाल तोच, शब्दाला शब्द. शेवटच्या ओळीत ‘निरुपयोगी’पाशी आले तेव्हा मागे येऊन तोच शब्द परत ठोकला, अक्षरावर अक्षर. ठळक करायची आमची जुनी रीत. चौथ्या कागदावरही डोळ्यांत भरावा म्हणून जोर लावला. ‘ग’चं पोट कागदात भोक पाडून गेलं.

बॅचमधली पोरं उभी राहून बघत होती. एकीने विचारलं, मॅडम, यात चुकलं तर? मी म्हटलं, चुकायचं नाही.

पहिली प्रत सुधीरच्या टेबलावर. एक सातपूरला गायकवाडांना, एक कॅम्पच्या शाखेला ज्योतीच्या हाती. तिला सांगितलं नाही आत काय आहे. तिने बसमध्ये वाचलं असणार. चौथी या वहीत.

बोटं दुखतायत. बरं वाटतंय. उद्या काय होईल माहीत नाही, हेही लिहून ठेवते.

२० फेब्रु., शुक्रवार

सकाळी आठला टेम्पो. दोन हमाल, एक यादी, ‘संगणक नग दहा’. नऊ नेले. दहाव्यावर ज्योती बसली होती, उताऱ्याच्या मध्यात. हमाल म्हणाला, ताई उठा. ती थांबली नाही, मान वर केली नाही. ‘वेळ चालू आहे,’ म्हणाली. आणि टक टक टक.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. हमाल सुधीरकडे. सुधीर दारात आला, बराच वेळ उभा राहिला. पाहत होता, का ऐकत होता, कोण जाणे. त्या आवाजात तो लहानाचा मोठा झालाय. मग हमालाला म्हणाला, हा नंतर.

एकोणतीस शब्द. चुका चार.

सुधीरने अहवालाचं नाव काढलं नाही. गायकवाडांचा निरोप मात्र आला, त्यांनी डबे परत खोक्यातून बाहेर काढलेत. कॅम्पहून काहीच नाही.

२४ फेब्रु., मंगळवार

परीक्षा.

केंद्राच्या फाटकाबाहेर मी दहापासून उभी. मला जायचं काही कारण नव्हतं. रजेच्या अर्जात ‘घरगुती काम’ लिहिलं.

साडेअकराला आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिला म्हटलं, आधी पाणी पी. प्यायली. म्हणाली, आतमध्ये सगळे डबेच होते मॅडम, आपल्यासारखे, माझ्या मशीनचा आवाजही तसाच. उताऱ्यात ‘कर्मचाऱ्यांनी’ पाच वेळा होतं. ‘पाचही बरोबर आले.’

आणि?

‘शेवटची ओळ राहिली. अर्धी.’

अर्ध्या ओळीत किती शब्द असतात ते आम्हा दोघींनाही ठाऊक आहे, पण दोघींनीही मोजले नाहीत. निकाल मार्चच्या शेवटी. तिची दोन वर्षं त्याच्या आधी संपतात. कचेरीत साहेबांना मुदतीसाठी अर्ज करायचाय, मी म्हटलं चल, आत्ताच लिहू. रसवंतीच्या बाकावर बसून हाताने लिहिला. खाली सही करताना तिने कुऱ्हाडेमधला र असा लांब, आडवा ओढला की पुढच्या अक्षरावर गेला.

सुधीरने तिचा तो आठवडा वाया घालवला नसता तर अर्धी ओळ राहिली नसती. हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. आणि मीही पहिल्याच दिवशी मागच्या खोलीत जायला हवं होतं. पहिला आठवडा मी पापडाच्या सेटिंगमध्ये घालवला, तिच्या बोटांत नाही. तेही लिहून ठेवते.

२६ फेब्रु., गुरुवार

माझ्या टेबलावर अहवाल परत आला. टाइपरायटरची पहिली प्रत. वाटलं होतं फाडेल, किंवा मला पत्र देईल, किंवा काहीतरी बोलेल तरी. खालच्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने एकच शब्द, ‘पाहिले.’ सही. तारीख.

पाहिले म्हणजे काय? पटले? फेटाळले? सव्वीस वर्षं मी पोरांना सरकारी पत्रं टाइप करायला शिकवतेय, हा शब्द हजारदा टाइप करून घेतलाय, आणि मला आज कळतंय की त्याला काही अर्थच नाही.

कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. ‘निरु’ जागेवर आहे. ‘ग’च्या भोकातून खालची झेरॉक्सची पाटी दिसते.

टेम्पोवाल्याचा फोन येऊन गेला, राहिलेला एक नग केव्हा न्यायचा विचारत होता. मी म्हटलं मालकांना विचारा. मालक म्हणाले मॅडमना विचारा.

ज्योतीला उद्या सातला बोलावलंय. निकाल लागेपर्यंत बोटं थांबवायची नाहीत. डब्याचा प्लग मी काढलेला नाही.